विठाबाई नारायणगावकर : नाचाने दिलेली ओळख आणि त्या ओळखीची किंमत

तमाशाच्या फडात घडलेली एक घटना महाराष्ट्रात गेली कित्येक दशके सांगितली जाते. नऊ महिन्यांच्या गरोदर असलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, नाचत होत्या. खेळ रंगात आलेला असतानाच कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि उरलेल्या खेळासाठी पुन्हा प्रेक्षकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. पोट उतरलेले पाहून प्रेक्षक चक्रावले, चौकशी झाली आणि खरा प्रकार कळल्यावर लोकांनीच खेळ थांबवायला लावून त्यांना विश्रांती घ्यायला सांगितले.

ही घटना बहुधा शौर्यकथा म्हणून सांगितली जाते आणि ती ऐकताना आदर वाटल्याशिवाय राहत नाही. तरीही एखाद्या स्त्रीला बाळंतपणानंतर लगेच पुन्हा नाचायला उभे राहणे हाच सरळ मार्ग वाटावा, अशी ती कशातून घडली असेल, हा प्रश्न त्या आदराखाली दबून जातो. प्रस्तुत प्रकरणात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे. विठाबाईंना ओळख नाचाने दिली आणि संकटात तग धरण्याची ताकदही नाचानेच दिली, हे निर्विवाद आहे. मात्र त्यांच्या हाती दुसरा आधार नव्हता, आणि त्यामुळे त्यांचा चिवटपणा व त्यांची सक्ती एकाच मुळातून वाढली. पहिल्याचे गोडवे गाऊन दुसरीकडे डोळेझाक केली, तर तो विठाबाईंवर अन्याय ठरतो.

घराणे, गाव आणि नाव

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. विठ्ठलाच्या गावी जन्मलेली म्हणून मुलीचे नाव विठा ठेवले, असे सांगतात. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला होता. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गावोगाव नेला. मूळ आडनाव खुडे असले तरी लोकांच्या तोंडी राहिले ते पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचे नाव, आणि तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले.

या नावाकडे जरा थांबून पाहायला हवे. त्यात गाव आहे, बाप आहे आणि उघडपणे लिहिलेली जातही आहे. ज्या काळात मांगवाडा गावकुसाबाहेर होता आणि त्या वस्तीतल्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर पाणी भरता येत नव्हते, त्या काळात हेच नाव यात्रेच्या फलकावर ठळक अक्षरांत लागत होते आणि ते वाचून गावेच्या गावे तंबूकडे वळत होती. अस्पृश्यतेची दाहकता त्यामुळे कमी झाली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल; खेळ संपल्यावर कलावंतांची पंगत वेगळीच बसत असे. तरीपण जे नाव दिवसा हिणवण्यासाठी वापरले जाई, तेच रात्री तिकीट काढून ऐकायला लोक येतात, हा अनुभव त्या घरातल्या मुलीने लहानपणापासून घेतला. तिच्या आत्मभानाचा पाया मला इथे दिसतो.

लावणी, गौळण, भेदिक हे सारे तिच्या कानावर फडातच पडले. शाळेत तिची चमक दिसली नाही. बोर्डावर मात्र कोणत्याही औपचारिक शिक्षणाशिवाय ती सहज उभी राहिली. फडातले शिक्षण असेच होत असे. रात्री मोठ्यांचा खेळ पाहायचा, दिवसा प्रवासात किंवा राहुटीत त्याचे तुकडे गुणगुणायचे, आणि एखादी बाई आजारी पडली की तिच्या जागी उभे राहायचे.

स्त्री बोर्डावर आली ती कशी, याचाही थोडा संदर्भ आवश्यक आहे. तमाशात पूर्वी स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या, म्हणजे स्त्रीवेश घेतलेला मुलगा, करीत असे. पठ्ठे बापूराव आणि पवळा हिवरगावकर यांच्या जोडीनंतर स्त्री कलावंत हे ढोलकी-फडाचे मोठे आकर्षण ठरले. पवळा महार समाजातल्या होत्या. त्यानंतर फडातील नर्तकी मोठ्या प्रमाणावर महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतूनच आल्या. म्हणजे विठाबाई ज्या वाटेने चालल्या ती वाट जातीने आधीच आखून दिलेली होती. त्या वाटेवर किती उंच जायचे, एवढेच त्यांच्या हाती होते, आणि त्या खूप उंच गेल्या. वयाच्या विशीतच, १९५७ मध्ये, त्यांचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. १९९० मध्ये तो पुन्हा झाला. ‘तमाशासम्राज्ञी’ ही पदवी लोकांनी त्यांना दिली.

नाचातले कसब आणि तग धरण्याचे शिक्षण

लवचीकता किंवा चिवटपणा हा मनाचा गुण मानला जातो, पण तमाशातल्या बाईच्या बाबतीत तो बराचसा शिकलेला, सरावाने अंगवळणी पडलेला गुण असतो. ढोलकी-फडाचा खेळ गणाने सुरू होतो, मग गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य. गौळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी वाट अडवतात आणि गवळणींनी त्यांना शब्दाने परतवायचे असते. बतावणीतला सोंगाड्या लिहिलेले सोडून काहीही बोलू शकतो. त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे असते. लावणीच्या अदाकारीत नजर एका बाजूला, हात दुसरीकडे आणि पाय ढोलकीच्या बोलावर ठेवायचे असतात. पायांतल्या चाळांचे, म्हणजे घुंगरांचे, वजन काही किलोंचे असते, आणि ढोलकीवाल्याने लय वाढवली की दम लागलेला असूनही चेहऱ्यावर तो दिसू द्यायचा नसतो.

समोर बसलेला प्रेक्षक बहुतेक पुरुष असतो. शिट्ट्या, फेटे उडवणे, मधूनच येणारी अश्लील हाळी हे रोजचेच. दौलतजादाची पद्धत जिथे चालते तिथे तर एखाद्याने नोट पुढे केली की गाणे थांबवून ती घ्यावी लागते, देणाऱ्याचे नाव पुकारावे लागते, आणि हे करताना त्याचा हात आपल्या हातापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, शिवाय त्याला अपमानही वाटू द्यायचा नाही, एवढे अंतर राखावे लागते. ते अंतर हाताच्या एका वळणावर, पदराच्या एका झटक्यावर आणि एखाद्या शेलक्या वाक्यावर राखले जाते. नर्तकीची सुरक्षितता तिच्या कसबावर अवलंबून असते, हे इथे अगदी जवळून दिसते.

विठाबाईंचा हजरजबाबीपणा त्यांच्या नाचाइतकाच नावाजला गेला. बंडखोर, उसळणाऱ्या प्रेक्षकांना काबूत ठेवण्याची ही क्षमता वर्षानुवर्षांच्या सरावातून अंगी मुरते आणि पुढे ती बोर्डापुरती राहत नाही. कुठलीही अडचण आली तरी खेळ मोडू द्यायचा नाही, हा त्या शिक्षणाचा पहिला धडा असतो. ताप, भांडण, घरातला मृत्यू, तुटलेला संसार, काहीही झाले तरी चाळ बांधून उभे राहायचे. फडातली माणसे हे अभिमानाने सांगतात, आणि त्यांचा अभिमान खरा आहे.

खेळ का मोडता येत नव्हता

मात्र खेळ मोडता न येण्यामागे पैशाचा जो व्यवहार असतो, तो समजून घेतल्याशिवाय हा अभिमान पुरता समजत नाही.

तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांपर्यंत चालतो. पावसाळ्यात कमाई जवळजवळ शून्य. चैत्रातल्या यात्रांसाठी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येऊन कोणत्या तिथीला कोणता फड न्यायचा ते ठरवतात आणि सुपारी देतात, म्हणजे खेळाचा सौदा पक्का करतात. इतर दिवसांत गावोगाव तंबू ठोकून तिकिटावर खेळ होतात. फडात नर्तकी, गायक, ढोलकीवाले, हलगीवाले, झीलकरी, सोंगाडे, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, गाड्यांचे चालक असे शंभराच्या घरात लोक असू शकतात. कलावंतांनी पावसाळ्यात घर चालवण्यासाठी मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर काम करून फेडायची असते. मालकानेही ती उचल देण्यासाठी बाहेरून कर्ज काढलेले असते. एक रात्र वाया गेली की सावकाराचे व्याज थांबत नाही, गाड्यांचे डिझेल थांबत नाही आणि शंभर माणसांचे जेवणही थांबत नाही.

त्यातही विठाबाईंसारख्या कलावंताचे ओझे वेगळे. लोक त्यांच्या नावावर तिकीट काढत. त्या बोर्डावर आल्या नाहीत तर प्रेक्षक पैसे परत मागणार, कनात फाडणार, प्रसंगी दगडफेक करणार, याची जाणीव फडातल्या प्रत्येकाला असते. नाचाने दिलेली ओळख जितकी मोठी, तितकी त्या व्यक्तीला गैरहजर राहण्याची मोकळीक कमी. साध्या नर्तकीच्या ऐवजी दुसरी चालते. विठाबाईंच्या ऐवजी कोण चालणार?

ती रात्र

आता मूळ घटनेकडे पुन्हा पाहता येईल. बाळंतपण फडाच्या मागच्या बाजूला झाले. ही मागची बाजू म्हणजे सहसा कनातीने आडोसा केलेली मोकळी जमीन असते. तिथे पेट्या, वाद्ये, कपडे आणि बदलाबदलीची घाई असते. निर्जंतुक हत्यार नाही, सुईण नाही, गरम पाणी असेलच असे नाही. दगडाने नाळ तोडणे ऐकताना धाडसाचे वाटते, पण अस्वच्छ साधनाने तोडलेली नाळ हे नवजात बाळाच्या धनुर्वाताचे प्रमुख कारण असते, आणि धनुर्वात झालेली बहुसंख्य बाळे उपचारांअभावी दगावतात. आईच्या बाजूने पाहिले तर प्रसूतीनंतरचे पहिले काही तास अतिरक्तस्रावाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. गर्भाशय आकुंचन पावून घट्ट व्हायला हवे असते, त्यासाठी विश्रांती आणि देखरेख हवी असते. अशा वेळी काही किलोंचे चाळ बांधून ठेका धरणे म्हणजे थेट जिवावरचा खेळ होता.

विठाबाई त्यातून वाचल्या. गावोगावच्या फडांत अशाच अवस्थेत नाचलेल्या, पण नाव नसल्यामुळे ज्यांची गोष्ट कुणी सांगितली नाही, अशाही बाया असणार, याचा विचार ही कथा सांगताना कुणी करत नाही, आणि मला ते खटकते.

प्रेक्षकांच्या वागण्याकडेही बारकाईने पाहायला हवे. नऊ महिन्यांचे पोट घेऊन नाचणारी बाई त्यांना आधीही दिसत होती. तेव्हा खेळ थांबवावा असे कुणाला वाटले नाही. पोट उतरलेले दिसल्यावर मात्र त्यांना ती आई म्हणून दिसली आणि त्यांनी हात जोडले. लोकांच्या मनातली ती कळकळ खरी असेल, यात मला शंका नाही. परंतु नाचणाऱ्या बाईच्या शरीराला श्रम होतात, हे ओळखायला त्यांना तिचे मातृत्व मध्ये यावे लागले. कलावंत म्हणून तिची जी ओळख होती, त्या ओळखीत थकण्याचा आणि दुखण्याचा हक्क धरलेलाच नव्हता.

आणि स्वतः विठाबाईंच्या बाजूने? त्या पुन्हा पुढे आल्या, यात सक्ती होती तशीच इच्छाही असणार, असे मी मानतो. ज्या जागी आपल्याला मान मिळतो, जिथे आपला शब्द चालतो, जिथे ढोलकीवाला आपल्या पायाकडे पाहून लय धरतो, ती जागा अर्धवट सोडून जाणे कलावंताला सोसत नाही. त्यांना केवळ व्यवस्थेची बळी ठरवले, तर त्यांचे कर्तेपण आपण हिरावून घेऊ. एकाच पावलात हट्ट आणि निरुपाय दोन्ही असू शकतात, आणि त्या रात्री ते दोन्ही होते, असे मानणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

दुसरी बाजू : नाच सोडण्यातला स्वाभिमान

या प्रकरणाला एक महत्त्वाची उलट बाजू आहे. नाचातून ओळख मिळते, हे म्हणणे सर्वांना मान्य नव्हते आणि आजही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीने लादलेली, अप्रतिष्ठेची कामे सोडून देण्याचे आवाहन केले. महाड सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली देणगी, दलित स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून, बाबासाहेबांनी नाकारल्याचे आंबेडकरी चळवळीत सांगितले जाते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक महार कुटुंबांनी तमाशाकडे पाठ फिरवली. त्यांच्यासाठी आत्मसन्मानाचा मार्ग बोर्डावरून खाली उतरण्यात होता. त्याच सुमारास, १९५७ मध्ये, विठाबाईंचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन वाटांमधला ताण कळतो.

विठाबाईंच्याच मातंग (मांग) समाजातले अण्णा भाऊ साठे यांनी तिसरी वाट काढली. शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर कम्युनिस्ट चळवळीच्या लाल बावटा कलापथकातून त्यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातल्या गणाच्या जागी श्रमिकांना वंदन आणले आणि त्याला लोकनाट्याचे रूप दिले. तिथे कलेची ताकद राहिली, पण लावणी नाचणाऱ्या बाईसाठी त्या मांडणीत फारशी जागा उरली नाही.

या तिन्ही वाटांमध्ये कोणती बरोबर, याचा निवाडा बाहेर बसलेल्याने करू नये. मला एवढेच नोंदवावेसे वाटते की, नाच सोडणाऱ्या स्त्रीचा चिवटपणा हा नाचत राहणाऱ्या स्त्रीच्या चिवटपणापेक्षा कमी नसतो. हातची कमाई आणि येणारे एकमेव कसब सोडून मोलमजुरीला जाण्यासाठीही तितकीच छाती लागते, आणि तिच्या धैर्याच्या गोष्टी कुणी यात्रेत सांगत नाही.

शेवटची वर्षे

सिनेमा आला, दूरदर्शन आले, ऑर्केस्ट्रा आले; वगाचा वेळ कमी होत गेला आणि सिनेमाची गाणी फडात शिरली. विठाबाईंची उतारवयातली वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या रुग्णालयाच्या बिलासाठी लोकांच्या वर्गणीचा आधार घ्यावा लागला. दोनदा राष्ट्रपतींच्या सन्मानाला पात्र ठरलेल्या कलावंतावर ही वेळ यावी, याची लाज समाज म्हणून आपल्याला वाटली पाहिजे.

२००६ पासून महाराष्ट्र शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार विठाबाईंच्या नावाने देते. कांताबाई सातारकर यांना तो मिळाला, तसाच विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही मिळाला. मंगलाताईंनी स्वतःचा फड उभा केला आणि घराण्याची परंपरा चालवली. आईच्या आयुष्यातले कष्ट जवळून पाहूनही मुलीने तोच मार्ग धरला. घरात दुसरा मार्ग नव्हता असे कुणी म्हणेल. पण फडाची मालकीण होऊन शंभर माणसांचा संसार चालवणे ही तिची स्वतःची कर्तबगारी होती, हेही खरे आहे. आईकडून मुलीकडे केवळ अदा आणि चाली गेल्या नाहीत. सुपारी ठरवताना किती ताणायचे, पंचांशी कसे बोलायचे, कोणत्या गावात बंदोबस्त मागायचा, हे व्यवहारज्ञानही गेले. नाचाने घडवलेल्या ओळखीचा हा भाग सर्वांत कमी लिहिला गेला आहे.

कायदा काय म्हणतो आणि फडात काय घडते

या प्रकरणातून पुढे काही करायचे झाले, तर सुरुवात कायद्यापासून करता येते. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमाने प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई केली; २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, आणि ही मनाई तिच्यातही आहे. १९७३ च्या दुरुस्तीने जुन्या अधिनियमाच्या कक्षेत घोडेस्वारीचे, कसरतीचे ‘व इतर’ प्रयोग दाखवणाऱ्या संस्थाही आणल्या. मुख्यतः सर्कस डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही तरतूद वाचली की, पगारी नर्तकी असलेला फडही तीत बसायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१७ मध्ये पगारी रजेचा कालावधी २६ आठवडे झाला. फडात मात्र मोजणीचा हिशोब अजून उचलीचाच असतो, आणि उचल घेतलेल्या कलावंताला कर्मचारी म्हणावे की कर्जदार, हे कुणी ठरवलेले नाही. फडमालक स्वतःच कर्जात असताना त्याच्या एकट्याच्या माथी २६ आठवड्यांचा पगार मारणे व्यवहारात टिकणार नाही, हेही मान्य करावे लागेल.

म्हणून जबाबदारी वाटून घेण्याचा मार्ग काढावा लागेल. ज्येष्ठ कलावंतांना शासनाकडून अलीकडे दरमहा ५,००० रुपये मानधन मिळू लागले आहे. ते उतारवयासाठी आहे. ऐन उमेदीतल्या, गरोदर किंवा आजारी कलावंतासाठी तशी कोणतीही खात्रीची रक्कम नाही. यात्रा समित्या सुपारीच्या कागदावर तारीख, वेळ, रक्कम आणि मुख्य कलावंताची हजेरी लिहून घेतात. त्याच कागदावर, मुख्य नर्तकी गरोदर किंवा बाळंतीण असल्यास तिच्याऐवजी दुसरी नर्तकी उभी राहील आणि त्यामुळे सुपारीची रक्कम कापली जाणार नाही, एवढे एक कलम घालायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नारायणगावच्या राहुट्यांत दर चैत्रात शेकडो सुपाऱ्या ठरतात. ज्या गावांना विठाबाईंच्या धैर्याचा अभिमान आहे, त्या गावांच्या पंचांनी हे कलम स्वतः पुढे करावे, आणि फडमालकांच्या संघटनांनी ते न लिहिणाऱ्या गावाची सुपारी घेऊ नये.